तीन हातांचा पतंग

होक्काइदोतल्या कुश्शारो तळ्याच्या मधोमध एक बेट आहे. त्या बेटाच्या काठावर एक भूर्जाचं झाड आहे, आणि त्या झाडावर नयनाच्या नवऱ्याचा पतंग गेलं वर्षभर अडकून बसला होता. तो उतरवून आणायचा, एवढ्याच कामासाठी दोन हजार आठच्या फेब्रुवारीत तीन माणसं तोक्योहून विमानाने उत्तरेला निघाली. नयना, तिचे सासरे विश्वनाथराव आणि नवऱ्याचा मित्र सत्यजित.

नवरा त्यांत नव्हता. प्रसन्न जूनमध्येच गेला. ऑफिसात, चालू मीटिंगमध्ये, हातांच्या घडीवर डोकं टेकून. जपानी ऑफिसात डुलकी लागलेल्या माणसाला कुणी हलवत नाही; रात्र रात्र काम केलं असणार बिचाऱ्याने, म्हणून उलट आदराने आवाज खाली आणतात. सगळ्यांनी आवाज खाली आणला. मीटिंग संपली, माणसं उठली, कुणीतरी दिवे मालवले, आणि मग कुठे एकाने जाऊन त्याच्या खांद्याला हात लावला.

आता पतंग म्हटल्यावर संक्रांतीचा कागदी पतंग डोळ्यांसमोर आणू नका. हा नायलॉनचा, अख्खी खोली झाकेल एवढा. पायात स्की चढवायच्या, कमरेला पट्टा आवळायचा, पतंग वर सोडायचा, की तो माणसाला बर्फावरून ओढत नेतो. प्रसन्न तर सांगायचा, की या पतंगाच्या जोरावर त्याने एकदा धावत्या रेल्वेला मागे टाकलं आणि गार्डाने खिडकीतून वाकून नमस्कार केला! रेल्वे सात डब्यांची होती की एकाच डब्याची, हे दर खेपेला बदलायचं. नमस्कार मात्र बदलत नसे.

या पतंगावर तीन हात होते. चार वर्षांच्या लेकीने, तन्वीने एकदा रंगात बुडवलेले दोन्ही तळवे त्यावर थापले, पिवळेधम्मक. नयना ओरडायच्या आत प्रसन्नने आपला पंजा निळ्या रंगात बुडवला आणि त्या दोन पिवळ्यांच्या मध्ये उमटवला. पुढच्याच खेपेला या तळ्यावर दोरी तुटली आणि पतंग बेटावर जाऊन बसला. “राहू दे,” प्रसन्न म्हणाला होता, “पुढच्या हिवाळ्यात आणतो.”

आता मार्चअखेर तोक्योच्या एदोगावा भागातलं घर सोडायचं होतं. व्हिसा त्याच्या नोकरीवर होता. नोकरी त्याच्यासोबत गेली. नयनाने त्याचे कपडे वाटले, पुस्तकं वाटली, सायकलवर मोठा कचरा उचलून न्यायची पालिकेची चिठ्ठी चिकटवून ती खाली ठेवली. तन्वीने एकदाच विचारलं, तेही जपानीतून, “पापा नो ते, मोत्ते कुरु?” पापाचा हात घेऊन येणार? मराठी बोलायची ती बापाशी. तो गेल्यापासून तेही बंद.

नयना हो म्हणून बसली. मुलीला शेजारच्या सोनलकडे ठेवलं आणि निघाली.

*

पतंगवाल्यांचा एक नियम असतो. वारा आधी, जागा मागून. सत्यजित आणि प्रसन्न गुरुवारी अंदाज बघायचे आणि मगच ठरवायचे, इशिकारीची शेतं, आबाशिरीचं तळं की आणखी कुठे. जिथे वारा सरळ, तिथे हे. या खेपेला मात्र जागा आधीच ठरलेली होती, आणि वाऱ्याने तिथे यायचं होतं. वारा कुणाचा नोकर आहे?

तळ्याकाठच्या घरगुती लॉजमध्ये सत्यजितने शुक्रवारी संध्याकाळी प्रसन्नचाच लॅपटॉप उघडला. वाऱ्याचे आकडे उतरवून घेऊन त्यांचा तक्ता मांडणारा प्रोग्रॅम प्रसन्नने स्वतः लिहिलेला होता, आणि तो या बाबतीत कधी चुकला नव्हता.

“वहिनी, हे बघा. बेट आपल्या पश्चिमेला. वारा पाठीवर असून चालत नाही. पाठीवरचा वारा नेतो, पण परत आणत नाही. आपल्याला हवा बाजूने, म्हणजे उत्तरेचा. उद्या सकाळी सात ते दहा वायव्येकडून वादळ. त्यात पाय बाहेर टाकायचा नाही. त्यानंतर संध्याकाळपर्यंत मंद उत्तरेचा वारा. लोण्यासारखा!”

“वादळाच्या शेपटीला धरून निघायचं म्हण की,” विश्वनाथराव कोपऱ्यातून म्हणाले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, सत्तरीचा, साताऱ्याचा गडी. मुलाचं घर आवरायला आले होते, आणि तीन महिन्यांत त्यांनी घरातल्या एकाही वस्तूला हात लावला नव्हता. “मी पण येणार.”

“बाबा, सत्यजितच्या मागे बांधायची घसरगाडी एकच आहे. तिच्यावर मी बसणार.”

“तू कशाला? हा आणेल की.”

“झाडावर कोण चढणार? सत्यजित? तो वांद्र्याचा. त्याने झाड फक्त कुंडीत पाहिलंय.”

“वहिनी!” सत्यजित म्हणाला. पण नाकारलं नाही त्याने.

“बरं,” म्हातारा म्हणाला. “मी हुलग्याचं कढण करून ठेवतो. पोरगं बर्फातून आलं की फोनवर आधी तेच सांगायचं मला, बाबा, कढण पितोय, कान तापले. पण ऐका, निघाल्यापासून तीन तासांत परत आला नाहीत तर मी निघालो तुम्हाला शोधायला. मग मला अडवायला इथे कुणाला मराठी येत नाही.”

*

सकाळी सात वाजता वादळ यायचं होतं. आलं नाही. आठ वाजले. खिडकीबाहेरचा धुराड्यातला धूर कूस बदलल्यासारखा हळूच दक्षिणेला कलला, बस. मंद उत्तरेचा वारा!

“चुकलं वादळ!” सत्यजितने टाळी वाजवली. “दुसरीकडे गेलं. आता पुढे सगळं लोणीच लोणी. वहिनी, उठा!”

आणि खरोखरच लोणी होतं. पतंग वर चढला, सत्यजितच्या कमरेला झटका बसला, त्याच्यामागच्या दोराला झटका बसला, आणि नयना त्या प्लॅस्टिकच्या घसरगाडीत मागे कोसळता कोसळता सावरली. तळं पांढरंशुभ्र, चहूबाजूंनी डोंगरांचं कडं, वर निळं आभाळ. गाडीखाली बर्फ बोलत होता. रात्रीच्या थंडीने ताणलेला तो जाड पापुद्रा मधूनच असा घुमायचा की पाताळात कुणी पखवाजाला कणीक लावून बघतंय असं वाटावं. अर्ध्या वाटेवर बर्फाच्या दोन पट्ट्या एकमेकींवर चढून कमरेएवढी कड उभी राहिली होती. इथले लोक तिला देवाची पायवाट म्हणतात. देव वरून गेले असतील. ही दोघं मात्र गाडी, दोर आणि पतंग सांभाळत चौपायी पार झाली.

“प्रसन्न इथे काय ओरडायचा माहितीये?” सत्यजित मागे वळून ओरडला.

“काय?”

“काहीच नाही! गप्प असायचा! सगळी बडबड घरी!”

नयनाला हे माहीत नव्हतं. सात वर्षांच्या संसारात तिने त्याला गप्प पाहिलं नव्हतं. हा माणूस इथे येऊन गप्प बसायचा, आणि तिला कधी इथे यावंसं वाटलं नाही. थंडी वाजते म्हणाली. तिने मफलर डोळ्यांपर्यंत ओढला.

झाड सापडायला वेळ लागला नाही. लाल चिंधी दुरूनच दिसली. नयनाने बूट काढले, जाड मोजे राहू दिले, आणि लहानपणी वाईला आत्याच्या परसातल्या जांभळावर चढायची तशी चढली. एक फांदी, दुसरी फांदी. हात सुन्न! दोऱ्यांचा गुंता दातांनी सोडवला. पतंगाचा एक पंख फाटून गेला होता, रंग उडून विटकरी झाला होता. पण मधला भाग शाबूत होता. दोन पिवळे हात, आणि मध्ये निळा.

तिने निळ्या हातावर आपला हात ठेवला. केवढा मोठा पंजा होता त्याचा! हे ती आठ महिन्यांत विसरली होती. विसरली होती याचंच तिला जास्त रडू आलं.

“वहिनी,” खालून सत्यजितचा आवाज आला. “उतरा. लवकर उतरा.”

वायव्येचं डोंगराचं कडं दिसत नव्हतं. तिथे नुसती पांढरी भिंत होती, आणि भिंत चालत येत होती.

*

ती खाली उतरून बूट चढवते न चढवते तोच वारा येऊन थडकला. झाडं वाकली! बर्फाचे कण सुयांसारखे गालात घुसायला लागले. सत्यजितने आपला पतंग उचलून बघितला, एकच क्षण. त्या एका क्षणात तो जमिनीपासून उचलला गेला आणि चार हात पलीकडे उजव्या खांद्यावर आपटला. त्याने सेफ्टी ओढली. पतंग सुटला आणि पांढऱ्यात नाहीसा झाला. घसरगाडीही दोरासकट उलटीपालटी होत त्याच्या मागोमाग गेली.

दोघं झाडांच्या आडोशाला खेटून बसली. सत्यजितने घड्याळावरचं बर्फ पुसलं. साडेदहा वाजून गेले होते.

“असं होऊच शकत नाही,” तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. “दहानंतर सगळं शांत दाखवत होता. प्रसन्नचा प्रोग्रॅम आहे, वहिनी. आजवर एकदाही...”

नयनाने त्याच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं.

“सत्यजित, तू लॅपटॉपचं घड्याळ बदललंस का?”

“कुठलं घड्याळ?”

“ते पुण्याच्या वेळेवर आहे. पहिल्या दिवसापासून. तिकडच्या टीमशी बोलायचं असतं, आईला फोन करायचा असतो, म्हणून त्याने कधी जपानचं लावलंच नाही. मी किती वेळा म्हटलं, तर म्हणे, मी मनातल्या मनात साडेतीन तास मिळवतो गं, काय कठीण आहे त्यात?”

सत्यजितने घड्याळावरचं बर्फ पुन्हा पुसलं. पाच हिवाळे तो प्रसन्नच्या शेजारी बसून हा तक्ता बघत आला होता. प्रसन्न पडद्यावर बघायचा, एक क्षण डोळे मिटायचा, आणि वेळ सांगायचा. सत्यजितला वाटायचं, भाव खातोय. तेवढ्यात तो साडेतीन तास मिळवत होता. प्रोग्रॅम मागे राहिला होता, आकडे बरोबर होते, वादळही अगदी वेळेवर आलं होतं. मिळवणारा तेवढा राहिला नव्हता.

“म्हणजे सकाळी आपल्याला लागलं ते वादळानंतरचं लोणी नव्हतंच,” तो हळूच म्हणाला. “वादळाआधीचं होतं.”

“म्हणजे हे दीडपर्यंत चालणार.”

“थांबू इथेच. झाडं आहेत. दीडपर्यंत निघेल.”

शहाणपण त्यातच होतं. पण दोघांनाही एकदमच आठवलं. अकरा! आठला निघाल्याला तीन तास झाले, की अकरा वाजता म्हातारा निघणार होता. आणि हा म्हातारा म्हणजे पानशेत फुटलं तेव्हा, असं तो स्वतःच सांगायचा, पुराला उलटा पोहत गेलेला माणूस. त्यातलं निम्मं खोटं धरलं तरी उरलेलं निम्मं त्याला तळ्यावर आणायला पुरेसं होतं.

“मी जातो. तुम्ही थांबा,” सत्यजित म्हणाला. त्याचा उजवा हात लोंबत होता.

“तुझ्या एका हाताने? चल. एक घरातला गेलाय. दुसरा नाही जाऊ द्यायचा.”

सत्यजितने स्की झाडाशीच सोडल्या. तिने पतंगाची गुंडाळी करून पाठीला बांधली.

*

किती चालली कुणास ठाऊक! वारा डाव्या गालावर ठेवायचा आणि चालायचं, एवढंच ठरलं होतं. पुढे एका हातापलीकडचं दिसेना. कड आली, ती पोटावर सरपटत ओलांडली. डावा गाल गेला. म्हणजे आहे की नाही ते कळेना. मग वारा कुठून येतोय तेही कळेना. सगळीकडूनच येत होता.

आणि तेवढ्यात आवाज आला. तुतारीला पडसं झाल्यावर निघेल तसा, भसाडा, एकामागून एक.

“हंस!” सत्यजित ओरडला. “लॉजजवळचे हंस! वहिनी, काठ आला!”

लॉजसमोरच्या वाळूतून गरम पाण्याचे झरे निघतात. तिथे तळं गोठत नाही, म्हणून सगळा हिवाळा हंस तिथेच पडून असतात. आवाजाच्या रोखाने दोघं धावलीच. हंस जिथे पोहतात तिथे पाणी असतं, आणि पाण्याच्या कडेला बर्फ पापडासारखा असतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण थंडीने आधी कान जातात, मग बोटं, आणि मग ठाऊक असलेलं.

कडाड्! सत्यजित तिच्या पुढे होता. आणि मग नव्हता.

नयना पोटावर पडली. समोर काळं पाणी, वाफा निघणारं, आणि त्यात त्याचं डोकं. तो एका हाताने कडेला धरायचा, कड मोडायची. धरायचा, मोडायची.

“मागे व्हा! वहिनी, मागे!”

मागे कसली होते! दोर नव्हता, काठी नव्हती. पाठीवर गुंडाळी होती. तिने ती ओढून काढली. लहानपणी कृष्णेच्या घाटावर एक पोर वाहून चाललं होतं, तेव्हा आत्याने धुवायला आणलेलं नऊवारी पिळून फेकलं होतं. तिने पतंग पिळला. पीळ, पीळ, आणखी पीळ! फेकला. वाऱ्याने बाजूला नेला. पुन्हा ओढला, ओला झालेला, जड झालेला. फेकला. या वेळी पोचला!

“मनगटाला गुंडाळ! गुंडाळ रे मेल्या!”

त्याने गुंडाळला. तिने टाचा बर्फात रोवल्या आणि ओढलं. कड मोडली. मागे सरकली. ओढलं. पुन्हा मोडली. कापड कुठेतरी टर्रकन उसवल्याचा आवाज आला. कुठे, ते बघायला तिने मान खाली केली नाही. मग एकदम भार हलका झाला आणि सत्यजित मगरीसारखा पोटावर बाहेर आला.

पाणी कोमट होतं, म्हणून तो जिवंत होता. पण वाऱ्यात कोमट पाणी किती वेळ कोमट राहतं? बघता बघता त्याच्या बाह्या कडक व्हायला लागल्या. तिने पतंग उलगडला आणि त्याला त्यात गुंडाळलं, छातीवरून, काखेतून, पाठीवरून, नेसवावं तसं, आणि समोर दोन घट्ट गाठी मारल्या. वारा तेवढा तरी थांबला. “चल,” ती म्हणाली. “उठ.” आणि मग तिलाही कळलं, की चल म्हणजे कुठे, हे तिला माहीत नाही.

तेव्हा उजवीकडून दुसरा आवाज आला. ठण्. ठण्. ठण्. ठण्. पातेल्यावर डाव.

विश्वनाथराव काठापासून बरेच आत आले होते. कमरेला लॉजची कपडे वाळत घालायची दोरी होती, दोरीचं दुसरं टोक खांबाला, आणि दोरी तंग होईपर्यंत ते पुढे येऊन उभे होते. मिशांचं लाकूड झालं होतं. नयनाने त्यांच्या हातातलं पातेलं सोडवायला बघितलं, तर बोटं सुटेनात.

*

लॉजच्या स्टोव्हसमोर सत्यजितला बसवलं. पतंग त्याच्याभोवती गोठून पत्रा झाला होता. गाठींवर बोटं, दात, सांडशी, सगळं चालवून झालं. मालकीणबाई गरम पाणी आणायला न्हाणीघराकडे धावल्या.

निळा पंजा गाठींच्या खाली, बरोबर त्याच्या छातीवर आला होता.

“थांबा, वहिनी,” सत्यजितची जीभ जड झाली होती. “पाणी येऊ दे... निळा हात अख्खा सुटेल... मी आहे ना... पाच मिनिटं. पाच मिनिटं डोळे मिटतो.”

“डोळे मिटायचे नाहीत!”

त्याचं डोकं हळूच पुढे कलंडलं आणि छातीवर टेकलं. खोलीत सगळे गप्प होते.

नयनाने भिंतीवरच्या खिळ्याची कात्री घेतली.

“आण इकडे,” विश्वनाथराव म्हणाले. “तू नको. मी बाप आहे त्याचा.”

“नाही, बाबा. तुमच्या बोटांत जीव नाही.”

गळ्यापाशी कात्री घातली आणि कापत सरळ खाली आली. गोठलेलं कापड कुरकुर वाजत होतं. अंगठा एका बाजूला गेला, बोटं एका बाजूला. ती थांबली नाही. दोन्ही फाळके टरकावून तिने बाजूला फेकले, ओला सदरा कापला, आणि सत्यजितच्या दोन्ही गालांवर अशा थपडा मारल्या की मालकीणबाईंच्या हातातली बादली हिंदकळली.

“ऊठ! ऊठ म्हणते ना! कुणीही झोपायचं नाही इथे!”

“अहो... आहे, आहे,” सत्यजित डोळे किलकिले करत म्हणाला, आणि रडायला लागला. मग दातावर दात वाजायला लागले. मालकीणबाई म्हणाल्या, वाजतायत म्हणजे चांगलं. रजया आल्या, गरम पाण्याच्या पिशव्या आल्या.

दीडच्या सुमाराला बाहेरचा आवाज थांबला. उत्तरेकडून मंद वारा सुटला, संध्याकाळपर्यंत सुटायचा होता तसाच. खिडकीतून बेट स्वच्छ दिसत होतं. कुणी तिकडे बघितलं नाही.

नयनाने फाळके उचलले, पाणी निथळू दिलं आणि स्टोव्हजवळच्या दांडीवर घातले. पिवळ्या हातांपैकी एकच दिसला. दुसरा तळ्यातच उसवून राहिला होता.

“पोरीला काय सांगायचं?” विश्वनाथरावांनी विचारलं.

“सांगू काहीतरी. नाही, खरंच सांगू. आधी याला पाजा.”

म्हाताऱ्याने कढण गरम केलं. लसणाच्या फोडणीचा वास खोलीभर झाला. तीन वाट्या भरल्या. सत्यजितच्या हातात वाटी राहीना, तेव्हा ते त्याच्यासमोर मांडी घालून बसले, सुजलेल्या बोटांत चमचा कसाबसा धरला आणि म्हणाले, “आ कर.” त्याने आ केला. प्रत्येक चमच्याला म्हाताऱ्याचंही तोंड थोडं उघडत होतं, लहान मुलाला भरवताना उघडतं तसं.

नयनाने आपल्या वाटीतला घोट घेतला. कढणात मीठ नव्हतं.

तिने दुसरा घोट घेतला. सत्यजितही चमच्यामागून चमचा गिळत होता. अर्धी वाटी झाल्यावर त्याने हळूच विचारलं, “काका, रागावू नका... मीठ?”

विश्वनाथरावांनी चमचा स्वतःच्या जिभेला लावला. “अरेच्चा,” म्हणाले. “विसरलोच की रे.” उठले, गुडघ्यावर हात ठेवून, आणि फळीकडे गेले.

मिठाची बरणी फळीवर अगदी समोरच होती. नयनाला बसल्या जागेवरून दिसत होती. तरी ते तिच्याकडे पाठ करून बराच वेळ ती शोधत राहिले, आणि कुणी त्यांना सांगितलं नाही.